भोईरमामांचं पायताणशास्त्र

भोईरमामा माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी पायांकडे बघतात, आणि पाय दिसत नसतील तर दाराबाहेर काढलेल्या चपलांकडे. सकाळची आंघोळ, देवाला फूल आणि तंबाखूची चिमूट झाली की ते लिफ्टने आमच्या बिल्डिंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जातात आणि जिन्याने एकेक मजला उतरत, प्रत्येक दारापुढे थांबून, हात मागे बांधून चपला वाचतात. लोक पेपर वाचतात तशा. एखादी चप्पल नीट कळली नाही तर पायाच्या अंगठ्याने उलटी करून तळवा बघतात, 'हं' म्हणतात आणि पुढच्या दाराकडे वळतात.

उलटी केलेली चप्पल सुलटी करायला मात्र ते विसरतात. उलटी चप्पल घरात भांडण लावते हे कोणाला ठाऊक नाही? पाचव्या मजल्यावरच्या जोडप्याने माझ्याकडे लेखी तक्रार दिली होती की त्यांच्या घरातली सगळी भांडणं मामांमुळे होतात. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. निवडून आले असं म्हणायची पद्धत आहे, खरं म्हणजे त्या मीटिंगला मी उशिरा पोचले आणि तोवर बाकीचे नाही म्हणून मोकळे झाले होते. मी मामांना रीतसर समजपत्र पाठवलं. ते घेऊन मामा माझ्याच घरी आले, चष्मा विसरलोय म्हणाले, माझ्याकडूनच ते मोठ्याने वाचून घेतलं आणि अर्धा कप चहा पिऊन गेले. पूर्ण कप ते कुठेच घेत नाहीत. पूर्ण घेतला तर पुढच्या घरी पोटात जागा उरत नाही असं त्यांचं म्हणणं.

आमची बिल्डिंग जूचंद्रला, गाव संपून टॉवर सुरू होतात त्या वळणावर. ती उभी आहे ती जमीन मामांची. इथे त्यांचा भात व्हायचा. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाले, एक मुलाने विकला आणि ठाण्याला घर घेतलं, दुसऱ्यात मामा एकटे राहतात. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. जमीन गेली तरी मामांच्या डोक्यातून शेत काही गेलेलं नाही. लिफ्ट जिथे आहे तिथे म्हशी बसायच्या. माझ्या स्वयंपाकघराचं सिंक तुंबलं तेव्हा मी प्लंबरला फोन केला, तर मामा म्हणाले, "तुज्या किचनखाली आमचा बांध व्हता, बाय. पानी थितंच आडनार."

त्यांच्या शास्त्राचे नियम पक्के. टाच बाहेरून झिजलेली असेल तर माणूस हट्टी, आतून झिजलेली असेल तर बायकोच्या धाकातला. चपलांची तोंडं दाराकडे असतील तर पाहुणा जेवून जाणार. जिन्याकडे असतील तर तो काहीतरी मागायला आलाय किंवा नाही म्हणायला. पहिल्या मजल्यावरच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा मामा बाहेरच्या चपलांवरून एक नजर फिरवून मला म्हणाले, पोहे वाया जानार. गेले. तेव्हापासून त्यांचा भाव फार वाढला. पण एकदा आमच्या गॅस सिलिंडरवाल्याने नवेकोरे पांढरे बूट घातले होते, तर मामांनी त्याला विमा विकणारा समजून गेटवरूनच परत पाठवला. सिलिंडर पुन्हा येईपर्यंत मी शेजारणीच्या शेगडीवर डाळ शिजवत होते. तेव्हा हे शास्त्र नक्की किती खरं, ते तुम्हीच ठरवा.

मामांच्या समोरच्या दारात सावंत राहतात. संतोष आणि प्राची. संतोषचा वसई पूर्वेला एक गाळा होता, बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवायचा. प्राची घरी साड्यांना फॉल लावायची. चहा मामा सगळ्यांकडे पितात, पण बसतात फक्त सावंतांकडे. प्राची फॉल लावत असली की साडीचं दुसरं टोक धरून मामा समोर बसलेले. मधेच सुईत दोरा ओवून देतात, टीव्हीवरच्या सुनेला शिव्या घालतात आणि प्राची त्यांना ओरडते की मामा, टोक सोडू नका. सासऱ्याला कोणी इतकं ओरडत नाही आणि सासरा इतकं ऐकून घेत नाही.

मग संतोषकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीने हात आखडता घेतला. गाळा बंद पडला आणि घराचे हप्ते थकले. एके दिवशी दुपारी बँकेची माणसं आली, दारावर नोटीस डकवली, तिचा मोबाईलवर फोटो काढला आणि गेली. जाता-येता कोणीच तो कागद वाचत नव्हतं आणि सगळ्यांना तो पाठ होता. प्राचीने दाराला बाहेरून पडदा लावला. घराचा पडदा बाहेरून लावलेला मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला ते बघवत नव्हतं.

पुढे बँकेने तीच नोटीस पेपरात छापली. नाव, मजला, फ्लॅट नंबर, सगळं. खरी पीडा तिथून सुरू झाली. बँक निदान एकदा येऊन गेली होती, ही कर्ज सोडवून देणाऱ्या दलालांची नवी मंडळी रोज यायला लागली. आधी फोन, मग दाराखालून सरकवलेली पत्रकं. 'कर्ज थकलंय? घर तुमचं, काळजी आमची.' पत्रकं टाकणाऱ्याने कष्ट वाचवायला सगळ्याच दारांखाली टाकली होती. सकाळी माझ्या उंबऱ्यात तो कागद दिसला. आमचेही हप्ते अजून चालूच आहेत आणि मला क्षणभर वाटलं की ह्यांनी माझ्यापासून काही लपवलंय. मी ह्यांना उठवून विचारलं. आमच्या घरातलं त्या दिवसाचं भांडण मामांमुळे नव्हतं.

सावंतांचं घर तर नुसतं कान झालं होतं. प्राची सांगायची की लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली की संतोष बोलता बोलता गप्प होतो. बेल वाजली की दोघं एकमेकांकडे बघतात. जेवण ताटात तसंच राहतं.

अशात एका सकाळी मामा जवळजवळ धावत माझ्याकडे आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी झालंय.

"सावंताच्या दारात टोकदार बूट," ते म्हणाले. "वर धुलीचा कन नाय. हितं रस्ता सगला खनून ठेवलाय, आनि बुटावर धूल नाय. गारीतून गेटपर्यंत आलेला मानूस हाय तो. आपला नाय."

मी म्हटलं, असेल कोणी नातेवाईक. पण मामा थांबले नव्हते, ते परत वर गेले होते. मी मागोमाग पोचले तेव्हा सावंतांच्या दारात एकच टोकदार बूट होता आणि मामा आपल्या दारात उभे राहून छताकडे बघत होते.

थोड्या वेळाने आतला साहेब बाहेर आला. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, एका पायात बूट. मग सुरू झाला शोध. संतोष जिन्यात, साहेब सोफ्याखाली, मी सेक्रेटरी म्हणून सगळ्यांच्या चपलांच्या स्टँडमध्ये. मामा म्हणाले, कुत्रा असेल. आमच्या बिल्डिंगमध्ये कुत्रा नाही. साहेब माझ्यावर डाफरला, तक्रार करीन म्हणाला, माझा नंबर घेतला, आपला दिला. बूट अखेर आग विझवायच्या वाळूच्या बादलीत सापडला.

पण एवढ्या वेळात प्राचीने एक काम केलं होतं. साहेबाने सहीसाठी टेबलावर पसरलेले कागद ती शांतपणे वाचून बसली. साहेबाची कंपनी बँकेला थांबवणार, दुसरीकडून कर्ज फिरवून देणार, सावंतांना घरातून हलावंही लागणार नाही. त्यासाठी आधी भलीमोठी फी. आणि सगळं मार्गी लागेपर्यंत फ्लॅट 'तात्पुरता' कंपनीच्या माणसाच्या नावावर. कंपनीचा पत्ता म्हणून एका मोबाईलच्या दुकानाचा वरचा माळा. प्राचीने सांगितलं, विचार करून कळवतो. साहेब बुटातली वाळू झाडत गेला.

मी खूश होते. संतोष नव्हता. तो मामांवर इतका भडकला की पुऱ्या मजल्याला ऐकू गेलं. तुम्हाला काय कळतं, म्हणाला. घर सोडावं लागणार नाही असं मला सांगणारा तो साहेब एकटा होता, असं ओरडला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ती काडी दुसऱ्याने ओढून घेतली की बुडणारा ओढणाऱ्यालाच शिव्या देतो. त्याचंही चुकत नव्हतं.

त्यानंतर मामांनी पहाराच बसवला. खुर्ची टाकून दारात बसायचे. टोकदार बूट दिसला की खोकायचे, प्राची बेल वाजली तरी दार उघडायची नाही. वीजबिलवालाही दोनदा परत गेला.

आणि मग ते घडलं, ज्याची मी कल्पनाही केली नव्हती. एका दुपारी एक तरुण माणूस आला. पायात रबरी स्लिपर, एका पायातला तुटका पट्टा तारेने बांधलेला, तळव्याला मिठागराची पांढरी माती. खाडीपलीकडच्या गावचं नाव सांगत होता, मामांच्याच बोलीत बोलत होता. मामांना भरून आलं. त्यांच्या तरुणपणी निम्मं गाव मिठागरात राबायचं. तो म्हणाला, माझ्या मामाचंही घर असंच बँकेत अडकलं होतं, एका वकिलाने सोडवलं, मी फक्त माणसं जोडून देतो. मामांनी त्याला आपल्या घरात बसवलं, चहा दिला. पूर्ण कप. मग स्वतः हाताला धरून समोर नेलं आणि संतोषला सांगितलं की ह्यो आपला मानूस हाय, ह्याचं आइक.

संतोषने ऐकलं. मामांनी सांगितलं म्हणून प्राचीनेही ऐकलं. 'फाइल उघडायचे' म्हणून त्याने जे मागितलं ते प्राचीने कानातले मोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात टोकदार बूट पुन्हा सावंतांच्या दारात. साहेब गोड हसत म्हणाला की तुमची फाइल तर आमच्याकडे उघडली आहे, आता दुसऱ्या कागदावर सही करा, नाहीतर भरलेले पैसे बुडाले समजा. स्लिपरवाला त्यांचाच. बुटांनी काम होत नाही हे त्यांनी ओळखलं आणि स्लिपर पाठवल्या. प्राचीने सही केली नाही. पैसे बुडाले.

मामा दिसेनासे झाले. सकाळी जिन्यात कोणी थांबत नव्हतं, चपला जागच्या जागी सुलट पडलेल्या. पाचव्या मजल्यावरचं जोडपं तरीही भांडत होतं. मला ती शांतता सहन होईना. आधीच सावंतांच्या घरात काय होईल या धास्तीने झोप लागत नव्हती, त्यात ही भर. मी वर जाऊन मामांचं दार ठोठावलं. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"चप्पल खरी व्हती, बाय," ते म्हणाले. "मिठागरातलीच व्हती. मानूस खोटा निगाला. आता मी कसं वलखू?"

मी त्यांना समजावलं नाही. मला समजावता येत नाही, शाळेच्या ऑफिसात मी जन्मभर फी भरली नाही म्हणून पोरांना ओरडण्याचंच काम केलं. मी म्हटलं, उठा, अंगरखा घाला, आपण चौघं बँकेत जाऊ. ज्याचं देणं आहे त्यालाच अजून कोणी विचारलेलं नाही. संतोष यायला तयार नव्हता. बँकेत गेलं की तिथेच धरून ठेवतील असं त्याला वाटत होतं. प्राचीने त्याच्या हातात शर्ट दिला.

बँकेत मामांनी काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या आणि थंडगार फरशीवर अनवाणी आत शिरले. रखवालदाराने सांगूनही घातल्या नाहीत. ऑफिसरबाई थकलेल्या होत्या, पण सरळ बोलल्या. लिलावाला अजून अवधी आहे. त्याआधी तुम्हीच गिऱ्हाईक आणलंत तर बँक आडवी येणार नाही. देणं फिटेल, वर जे राहील ते तुमचं. लिलाव झाला तर भाव पडेल आणि वर फार काही राहणार नाही. दलालांना पैसे देऊ नका.

"म्हणजे घर जाणारच," संतोष म्हणाला.

बाईंनी होकारार्थी मान हलवली. मला वाटलं, आता संतोष उठेल आणि थेट त्या मोबाईलच्या दुकानाचा जिना चढेल, कारण तिथे निदान कोणीतरी घर जाणार नाही म्हणत होतं. बोलले ते मामा.

"सोता विक, पोरा," ते म्हणाले. "आमी वाट बगत बसलो. जमीन जानार नाय, जानार नाय, असं सगले सांगत व्हते, ते ग्वाड वाटायचं. मंग भाव दुसऱ्यानं ठरवला, आमी नुसता आंगठा टेकला. तू तुज्या तोंडानं भाव सांग आनि ताठ मानेनं जा."

संतोष टेबलावर डोकं टेकून रडला. बँकेत, सगळ्यांसमोर. प्राचीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ऑफिसरबाईंना विचारलं की अर्ज कोणाच्या नावे करायचा.

गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला, आणि तो वेळ फार वाईट गेला. लिलावाची तारीख डोक्यावर, रोज कोणीतरी घर बघून नाक मुरडून जाणारं, त्यात कंपनीवाल्यांचे फोन चालूच. मामांनी चपला बघायचं सोडून दिलं होतं. घर बघायला येणाऱ्यांना ते आता चक्क तोंडाकडे बघून प्रश्न विचारायचे आणि त्यामुळे अधिकच घाबरवायचे. शेवटी एका शिक्षक जोडप्याने घर घेतलं. बँकेचं फिटलं. उरलं त्यात सावंतांनी आचोळ्याला भाड्याने खोली घेतली, आणि संतोष दुसऱ्याच्या गाळ्यात मशीनवर लागला. मी सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटले की बघा, मामांनी घर वाचवलं नाही पण माणसं वाचवली. माझं हे वाक्य मला फार आवडलं होतं.

सामान हलवायच्या दिवशी सकाळपासून मामा सावंतांकडे राबत होते. भांडी कागदात गुंडाळली, फॉलच्या रिळांची पिशवी बांधली, टेम्पोवाल्याशी उगाच वाद घातला. दुपारी प्राची त्यांच्या पाया पडली. आचोळे काही लांब नाही मामा, ती म्हणाली, रिक्षाने या. मामा म्हणाले, येन ना, येन. जूचंद्र सोडून ते मुलाकडे ठाण्यालासुद्धा रात्री राहत नाहीत, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मग ते माझ्यामागून खाली माझ्या घरी आले आणि कोचावर बसून राहिले. मी पंखा लावला.

"बाय, तुज्या फोनात त्या बूटवाल्याचा नंबर हाय ना?"

मी म्हटलं, आहे. का? पैसे परत मागायचे असतील तर विसरा.

"पैसं नाय. लाव ना जरा."

"मामा, तो चोर आहे. तुम्हीच पहिल्यांदा सांगितलंत."

"माना म्हाईत हाय गो, चोर हाय त्यो. मी बोलनार पन नाय कायच. तू फकस्त इचार, समोरच्यांचं कसं व्हईल. त्यो बोलतो ना, कुटं जावं लागनार नाय. तेवडं एकदा आइकाचं हाय माना."

मी फोन हातात घेतला आणि तसाच मांडीवर ठेवला. खाली टेम्पोवाल्याने मागचं फळकं लावलं, गाडी सुरू झाली आणि मामा उठून गॅलरीच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहिले.